जेवलेलं आठवतच नसेल, तर नोंद कोण ठेवणार?

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का, हे आधी पाहू. तुम्ही समुपदेशक. तुमच्याकडे येणारी मुलगी २६ वर्षांची, बँकेत नोकरीला, थोरल्या बहिणीबरोबर राहते. दिवसभर जवळजवळ काही खात नाही, रात्री खूप खाते आणि उलटी काढते. लहानपणी घरातल्याच एका माणसाने अत्याचार केला होता, हे तिने एकदा एका वाक्यात सांगितलं आणि विषय बंद केला. तीन महिने तुम्ही तिला खाण्याची नोंदवही ठेवायला लावताय. दिवसाचे रकाने भरलेले असतात, रात्रीचे कोरे. विचारलं की म्हणते, "मी नाही खाल्लं. पण डबे रिकामे असतात हे खरंय." एका वरिष्ठांनी सांगितलं, आधी खाणं रुळावर आणा, आघाताचं नंतर बघू. दुसऱ्यांनी सांगितलं, मूळ आघातात आहे, ते निघालं की खाणं आपोआप सुधारेल. मग आधी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता असंही विचारलंय की ती खोटं तर बोलत नाही ना.

आधी काय आणि नंतर काय, यापेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकली. वही भरते ती आणि रात्री डबे उघडते ती, एकच बाई. पण त्या दोन वेळांना ती एकाच अवस्थेत नसते. तुमचं तीन महिन्यांचं सगळं बोलणं दिवसाच्या अवस्थेशी झालंय. तिने सगळं मान्य केलं, वहीही भरली. रात्रीचीशी अजून कुणी बोललेलंच नाही.

हे डिसोसिएशन, म्हणजे मनाचा एक भाग बाकीच्यापासून तुटणं आणि त्या वेळचं न आठवणं, आहे असं आत्ताच गृहीत धरू नका मात्र. मी बावीस वर्षं पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय, आणि या बाबतीत एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. एक बाई रात्री उठून खायची, सकाळी काही आठवायचं नाही, लहानपणी मारहाण झालेली. मी दोन महिने डिसोसिएशन धरून चालले. मग एकदा तिने पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली: झोल्पिडेम. या झोपेच्या गोळीने काही लोक अर्धवट झोपेत उठतात, स्वयंपाकघरात जातात, खातात, आणि सकाळी कोरी पाटी. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा वागण्याबद्दल २०१९ मध्ये या गटातल्या गोळ्यांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. तिच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि महिन्याभरात रात्रीचं खाणं थांबलं. आघात होताच, पण रात्रीच्या डब्यांशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून रात्रीची कुठलीही गोळी, दारू, झोपेत चालण्याचा इतिहास, फिट्स, मधुमेहाची औषधं हे सगळं विचारून घ्या. एवढ्याने अनेकदा निम्मं चित्र स्पष्ट होतं.

दुसरी गोष्ट शरीराची. उपाशी मेंदू स्वतःच सुन्न होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. यातल्या कुणालाही खाण्याचा विकार नव्हता. तरीही ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, लोकांपासून तुटले, आणि प्रयोगानंतर काही जणांचं खाणं हाताबाहेर गेलं. म्हणजे तुम्हाला जी धुंदी, जो तुटलेपणा दिसतोय, त्यातला काही भाग निव्वळ उपासमारीचा असू शकतो. किती, ते काही आठवडे पोटात नियमित अन्न गेल्याशिवाय कळत नाही. मी डीईएस ही २८ प्रश्नांची डिसोसिएशनची प्रश्नावली वापरते. सरासरी ३० च्या वर गेली की खोलात विचारते. पण उपाशी माणसाचा आकडा मी पेन्सिलीने लिहिते आणि नंतर पुन्हा मोजते.

उलट्या होत असतील तर पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, ईसीजी आणि आडवं व उभं राहून रक्तदाब ही तपासणी फिजिशियनकडून झालीच पाहिजे, आणि एकदा करून भागत नाही. पोटॅशियम ३ च्या खाली किंवा जागेपणी नाडी मिनिटाला ४० च्या खाली असेल तर ते काम समुपदेशकाच्या खोलीतलं नाही, त्याच दिवशी दवाखाना. खूप दिवस उपाशी असलेल्याला घरच्यांनी प्रेमाने एकदम भरपूर वाढलं तर फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जिवावर बेतू शकतं, हेही बहिणीला समजावून सांगा. आणि एक बारीक सूचना, दातांसाठी: उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही, पाण्याने चूळ भरायची. आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण ब्रशने आणखी झिजतं. माझ्याकडे आलेल्या दोघींचा आजार घरच्यांच्या आधी डेंटिस्टच्या लक्षात आला होता.

हे सगळं तपासून झालं, रिपोर्ट बरे आले, गोळी नाही, दारू नाही, आणि रात्र तरीही कोरी, तर पुढचं वाचा.

माझ्या एका क्लायंटचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. तिला रात्रीचं काहीच आठवायचं नाही. आपण खाल्लंय हे तिला सकाळी बोटांवरून कळायचं. बोटांना लोणच्याचा वास यायचा. भाजी नाही, पोळी नाही, लोणचं, शिळा भात आणि साखर, हाताला लागेल ते, ओट्यापाशी उभ्याने. ती म्हणायची, "माझे हात माझ्या माघारी कुठंतरी जाऊन येतात." यात खोटेपणा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही, उलट ती गप्प होते. लहानपणापासून तिला एकच गोष्ट ऐकावी लागलेली असते: असं काही झालंच नाही, तू बनवून सांगतेस. आपणही तेच म्हटलं तर आपण त्या रांगेत जाऊन उभे राहतो.

अशा लोकांमध्ये खाणं आणि न खाणं दोन्ही कामाला येतं. उपाशी राहिलं की शरीर हलकं, लांबचं होतं, काही जाणवत नाही. बिंज, म्हणजे एका बैठकीतलं बेसुमार खाणं, चालू असताना डोकं बंद पडतं, तेवढा वेळ आठवणी येत नाहीत. उलटीनंतर काही मिनिटं सुटल्यासारखं वाटतं. कुणाला शरीर लहान मुलीसारखं ठेवायचं असतं, कारण बाईचं शरीर झालं तेव्हा धोका सुरू झाला. कुणाला उलट अंगाने मोठं व्हायचं असतं, म्हणजे कुणी बघणार नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, वेगवेगळ्या वेळी, आणि मग दिवसाची उपाशी ठेवते, रात्रीची त्याचा हिशेब चुकता करते. दोघींनाही वाटतं की आपणच जीव वाचवतोय.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, एका चुकीतून कळलं. पहिल्या काही वर्षांत एक मुलगी आली होती. मी नेमाने नोंदवही, ठरलेल्या जेवणाच्या वेळा, उलटीची इच्छा झाली की अर्धा तास थांबणं, सगळं शिस्तीत केलं. सहा आठवड्यांत उलट्या बंद. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. सातव्या आठवड्यात ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून आली, भर मे महिन्यात. स्वतःला इजा करून घेतली होती. मी तिची कुबडी काढून घेतली होती आणि हातात दुसरं काहीच दिलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही लक्षण कमी करण्याआधी मी एक प्रश्न विचारते: हे थांबलं तर त्या वेळी तुझ्याकडे काय येईल? उत्तर "माहीत नाही" असेल तर आम्ही अजून थांबवायला तयार नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही मी पाहिली आहे, आणि ती जास्त महागात पडते. उपाशी, रोज उलट्या करणाऱ्या, रात्री कोऱ्या पडणाऱ्या माणसाकडून आघाताची आठवण खणून काढायची. सत्रात खूप रडणं होतं, समोरच्याला वाटतं काम होतंय, आणि ती घरी जाऊन तीन दिवस हरवते. पिअर जाने या फ्रेंच मानसतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशा रुग्णांबरोबर काम करताना जो क्रम लावला, आधी सावरणं, मग आठवणींवर काम, मग एकत्र जुळवणं, तोच पुढे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये नव्याने मांडला आणि आजही आम्ही थोड्याफार फरकाने तोच पाळतो. तेव्हा तुमचे दोन्ही वरिष्ठ अर्धे बरोबर आहेत. खाणं आधी हे खरं. पण आघात बाजूला ठेवून खाण्यावर काम होत नाही, कारण ताटावर बसली की आघात तिच्या शेजारी येऊन बसतो. त्याच्याबद्दल तपशील न विचारता, तो तिथे आहे हे धरून ताटाची मांडणी करायची.

म्हणजे प्रत्यक्षात काय?

भुकेवर विसंबू नका. "शरीर सांगेल तेव्हा खा" हा सल्ला हल्ली फार चालतो, पण या लोकांच्या शरीराने सांगणं कधीच बंद केलेलं असतं. भूक, पोट भरणं, लघवीची जाणीव, थंडी, सगळंच पुसट. म्हणून घड्याळ. तीन ते चार तासांहून जास्त अंतर नको, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी. सुरुवातीला प्रमाण महत्त्वाचं नाही, वेळ महत्त्वाची. माझ्या लोणच्याच्या वासवालीने पहिले दोन आठवडे फक्त दुपारी चार वाजता ऑफिसच्या कँटीनमध्ये कपभर दूध आणि दोन मारी बिस्किटं घेतली. एवढंच. बाकी सगळं होतं तसं चालू दिलं.

आणि खाताना डोळे मिटून प्रत्येक घासाकडे लक्ष द्या, हे तर सांगूच नका. मी सांगायचे. शांत माणसाला ते बरं असतं. ज्याला शरीराच्या आत गेलं की तिथे जुनी भीतीच भेटते, त्याला आपण आत ढकलतो. या लोकांचं लक्ष बाहेर न्या. पाय जमिनीला टेकलेले, स्टीलचा थंड पेला हातात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, ताटातल्या तीन रंगांची नावं मोठ्याने. मग एक वाक्य: "आज मंगळवार, मी सव्वीस वर्षांची, हे माझं भाड्याचं घर, किल्ली माझ्याकडे आहे." किल्लीचं वाक्य एका क्लायंटने घातलं, मी नाही. ते तेव्हापासून सगळ्यांना देते. पहिले काही महिने रेडिओ किंवा मोबाइलवर मालिका लावून जेवली तरी चालेल. आजी रागवेल, पण चालेल.

पदार्थांबद्दल हट्ट करू नका. दही, साय, केळं, ओलसर मऊ काहीही तोंडात नको, असं असेल तर ती नखरे करत नाहीये. अत्याचार तोंडाशी जोडलेला असेल, किंवा लहानपणी नाक दाबून भरवलेलं असेल, तर तो पोत, तो वास, गिळण्याची ती हालचाल यांनीच फ्लॅशबॅक येतो, म्हणजे जुना प्रसंग आत्ता पुन्हा घडतोय असं वाटतं. कारण विचारायचं नाही. कुरकुरीत, कोरडं, हाताने तोडता येईल असं द्या: भाकरीचा पापुद्रा, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे. यादी आपोआप वाढत जाते. कुठे बसून खायचं हेही विचारा. एकीचं रात्रीचं सगळं ओट्यापाशी उभ्याने व्हायचं, कारण लहानपणी घरातल्या जेवणाच्या टेबलावर तो माणूस रोज समोर असायचा. आम्ही तिला खिडकीजवळ एक स्टूल घेऊन दिलं.

आता रात्रीचीबद्दल. तिच्याशी बोलायचं, पण नाटक न करता. वेगळं नाव देऊ नका, वेगळं व्यक्तिमत्त्व रंगवू नका. तुम्ही कौतुकाने रंगवलेली गोष्ट पक्की होत जाते. आणि "ते मी नाही केलं, तिने केलं" ही पळवाटही नको. मी दिवसाच्या माणसासमोरच म्हणते, "तुझ्यातली जी रात्री डबे उघडते, तिनेही हे ऐकावं. तिला कुणी रागवणार नाहीये. तिला काय हवंय तेवढंच विचारायचंय." मग उत्तराची घाई नाही. वही बदला. वेळ, पदार्थ, विचार असे रकाने नकोत. फ्रिजवर एक कागद आणि पेन, वर लिहिलेलं: "रात्री इथे कुणी असेल तर लिहा." लोणच्याच्या वासवालीच्या फ्रिजवर तीन आठवडे काही आलं नाही. चौथ्या आठवड्यात त्या कागदावर वेडंवाकडं एकच लिहिलेलं होतं: "दिवसा देत नाही."

ते तीन शब्द आम्हाला तीन महिन्यांच्या नोंदवहीपेक्षा जास्त सांगून गेले. दिवसा चारच्या बिस्किटांना सहाचं पोहे-उपमा जोडलं गेलं ते त्यानंतर, आणि ते मी सुचवलं नव्हतं.

उपाशी ठेवणाऱ्या बाजूशीही असंच. एकीला मी विचारलं, "तुझ्या मते आत्ता कुठलं साल चालू आहे?" ती चटकन म्हणाली, "२००४." तिच्या त्या भागासाठी तो माणूस अजून त्याच घरात होता आणि अंग भरलं तर परत तेच होणार होतं. भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "मग मी उगाच...?" एवढंच म्हणाली. उगाच नव्हतं, तेव्हा त्याची गरज होती, हे मी आवर्जून सांगितलं. हे असं एकदाच सांगून भागत नाही. दर आठवड्याला कालनिर्णय दाखवावं लागतं.

आपल्याकडची एक अडचण म्हणजे उपास. ज्या घरात एकादशी म्हणजे दुप्पट खाशी, त्याच घरात एक मुलगी संकष्टी, सोमवार, नवरात्र असं सगळं निर्जळी करते आणि आजी पाहुण्यांना कौतुकाने सांगते. उपास बंद करा म्हटलं तर घर विरोधात जातं. मी उपासाचे पदार्थ विचारते. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी चालतंय म्हटलं तर उपास आहे. काहीच चालत नाही म्हटलं तर आजार आहे. तसंच अंगात येण्याचं. त्या अवस्थेत खूप खाणं आणि नंतर न आठवणं असे दोन-तीन जण माझ्याकडे आले. देवऋषाकडे नेलं म्हणून घरच्यांना फटकारू नका. त्यांना जे दिसलं ते खरंच दिसलं होतं, त्याचं नाव वेगळं होतं एवढंच.

बहिणीला सोबत घ्या, मुलीच्या परवानगीने आणि तिला चालेल तेवढंच सांगून. बहिणीला अत्याचाराबद्दल माहीत आहे का, हे आधी तपासा. तो माणूस नात्यातला आहे, सणाला भेटत असेल. गणपतीत गावी जाऊन आल्यावर सगळं बिघडत असेल तर त्याचं कारण मोदक नाहीत. बहिणीचं काम पहारा देणं नाही, डब्यांना कुलूप लावणं तर नाहीच. चार वाजताचा एक फोन, ताटावर शेजारी बसणं, आणि वजनाबद्दल, रंगरूपाबद्दल एक शब्द न काढणं. बारीक झालीस, तब्येत सुधारली, यातलं काहीच नको. तुमच्याकडे १८ वर्षांखालची कुणी अशी आली, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि ते पहिल्याच भेटीत सांगायचं असतं, तिने तोंड उघडल्यावर नाही.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ते मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं. डिसोसिएशनची गोळी नाही. बुलिमियात, म्हणजे खूप खाऊन उलटी काढण्याच्या आजारात, फ्लुऑक्सेटीन उपयोगी पडतं, नैराश्याला देतात त्याहून जास्त मात्रेत, दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत. झोप आणि घबराटीसाठी दिलेल्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांनी काहींचं हरवणं वाढतं, तेव्हा लक्ष ठेवा. ब्युप्रोपिऑन हे नैराश्याचं औषध या लोकांना द्यायचं नसतं, फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टरांना उलट्यांबद्दल सांगितलेलंच नसतं, म्हणून ते लिहून दिलं जातं. मी दोनदा पाहिलंय.

आठवणींवर काम कधी सुरू करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. माझी खूण अशी: दिवसाचं खाणं बऱ्यापैकी लागलंय, रक्ताचे रिपोर्ट स्थिर आहेत, सत्रात हरवली तर ती स्वतः पाय टेकवून परत येऊ शकते, आणि रात्रीची दिवसाचीशी थोडंफार बोलू लागली आहे. लोणच्याच्या वासवालीला तिथवर यायला चौदा महिने लागले. काहींना सहा लागतात. काही जण तिथे येतच नाहीत आणि तरी बरं जगतात. नोकरी करतात, डबा खातात, रात्री झोपतात. त्यांना मी पुढे ढकलत नाही.

तुम्ही चार वर्षं काम करताय आणि अशी केस पहिलीच, असं लिहिलंय. ती दुसऱ्याकडे पाठवू का, या तुमच्या शेवटच्या ओळीला माझं उत्तर: पाठवू नका, पण एकट्याने करू नका. एक फिजिशियन, एक मानसोपचारतज्ज्ञ, शक्य असेल तर आहारतज्ज्ञ, आणि तुमच्यासाठी महिन्यातून दोनदा सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाबरोबर आपल्या कामाची उजळणी. तिने तुम्हाला ते एक वाक्य सांगितलंय. ते दुसऱ्या खोलीत पुन्हा सांगायला लावलं तर कदाचित ती सांगणारच नाही. पुढच्या सत्रात वही मागू नका. रात्री कुठली गोळी घेते ते विचारा, रक्ततपासणीची चिठ्ठी द्या, आणि दुपारी चार वाजता तिच्या शाखेजवळ काय मिळतं ते विचारा.